समुपदेशनाची नीती : ऐकलेलं कुठं ठेवायचं?



आजच्या विषयाचं नाव पत्रिकेवर जरा जड छापलं गेलं आहे: 'समुपदेशन मानसशास्त्रातील व्यावसायिक नीती'. सोपं करून सांगायचं तर प्रश्न एवढाच आहे. एखाद्यानं आपल्यापाशी मन मोकळं केलं, तर त्या ऐकलेल्याचं आपण काय करायचं? ते कुठं ठेवायचं, कुणाला सांगायचं, आणि सांगावंच लागलं तर किती आणि कसं सांगायचं?

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. आम्ही मानसशास्त्रज्ञ नाही. आमची पीएच.डी. तत्त्वज्ञानातली. उभी हयात सोलापुरात नीतिशास्त्र शिकवण्यात गेली. मग या विषयावर आम्ही का बोलायचं, असं कुणी विचारेल. त्याचं उत्तर असं की, जे नीतिशास्त्र आम्ही फळ्यावर लिहून देत होतो, त्याच विषयात आम्ही एकदा सपशेल नापास झालो. ती गोष्ट पुढे येईलच. आधी शब्दाकडे बघू.

'समुपदेशन' या शब्दाच्या पोटात 'उपदेश' बसलेला आहे. शब्द तयार करणाऱ्यांचा हेतू चांगला होता, पण त्यामुळे एक घोटाळा झाला. लोकांना वाटतं, समुपदेशक म्हणजे चांगला उपदेश करणारा माणूस. आता सोलापुरात पाणी चार-पाच दिवसांनी येतं, उपदेश मात्र रोज येतो. मामा देतात, शेजारी देतात, रिक्षावाले देतात, आणि आमच्यासारखे निवृत्त प्राध्यापक तर न मागता देतात. उपदेशानंच माणसं सुधारली असती, तर समुपदेशकाची गरजच पडली नसती.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांचं 1942 साली समुपदेशनावर एक पुस्तक आलं. तिथून पुढे एक विचार रुजत गेला. समोरचा माणूस म्हणजे दुरुस्त करायची वस्तू नव्हे. स्वतःच्या आयुष्याबद्दल त्याला आपल्यापेक्षा जास्त माहिती असते. त्याला स्वतःचंच बोलणं नीट ऐकू येईल अशी सुरक्षित जागा तयार करून देणं, हे समुपदेशकाचं काम. 'सुरक्षित' हा त्यातला कळीचा शब्द. जागा सुरक्षित कशानं होते? पंखा, गादीची खुर्ची आणि दाराला पडदा लावून होत नाही. इथं बोललेलं इथंच राहील, या खात्रीनं ती सुरक्षित होते.

आता ती गोष्ट.

पुष्कळ वर्षांपूर्वीची आहे. आमच्या महाविद्यालयात 'विद्यार्थी मार्गदर्शन कक्ष' सुरू करायचा होता. कोण बघणार? बैठकीत कुणीतरी म्हणालं, "सरांकडे द्या, सरांचं बोलणं गोड आहे." झालं. ना प्रशिक्षण, ना कसली तयारी. स्टाफरूमला लागून एक खोली होती, मध्ये लाकडी पार्टिशन. एक टेबल, दोन खुर्च्या.

एक विद्यार्थिनी आली. घरी लग्नाची बोलणी सुरू होती. तिला बी.ए. पूर्ण करायचं होतं. बरंच अडखळून तिनं असंही सांगितलं की वर्गातला एक मुलगा तिला आवडतो. त्या मुलालासुद्धा ते माहीत नव्हतं. शेवटी म्हणाली, "सर, कुणाला सांगू नका." आम्ही म्हणालो, "छे गं, कुणाला सांगतोय!"

पंधरा दिवसांनी एका लग्नात तिचे वडील भेटले. आमची जुनी ओळख. पंगतीत शेजारीच बसले. म्हणाले, "सर, पोरीचं लक्ष आहे ना अभ्यासात?" आणि आम्ही, नीतिशास्त्राचे प्राध्यापक, म्हणालो, "पोरगी हुशार आहे. लग्नाची घाई करू नका. तिचं मन जरा दुसरीकडं आहे, तिच्याशी बोला."

एवढीच दोन-तीन वाक्यं. त्या रात्री आम्ही समाधानानं झोपलो. आपण मुलीच्या हिताचं बोललो, बापाला शहाणं केलं, असं वाटत होतं. महिन्याभरात तिच्या घरच्यांनी कॉलेजमधून दाखला काढून नेला. लग्न झालं, आजोळी, घाईघाईनं. तिच्या मैत्रिणीनं आम्हाला जिन्यात थांबवून फक्त एवढंच विचारलं, "सर, तुम्ही सांगितलं ना?" आम्ही काहीतरी पुटपुटलो. त्यानंतर वर्ष संपेपर्यंत त्या खोलीत एकही विद्यार्थी आला नाही. पोरांना सगळं कळतं.

हे आज जाहीरपणे सांगताना आम्ही काही तपशील मुद्दाम बदलले आहेत. कोणते बदलले, तेही सांगणार नाही. एखादं प्रकरण शिकवण्यासाठी वापरायचं असेल तर ही पहिली अट असते: ज्याची गोष्ट आहे त्याची ओळख कुणाला पटता कामा नये. ती अट आम्ही उशिरा शिकलो, पण शिकलो.

आता आपण या प्रसंगाची चिकित्सा करू. आमचं चुकलं कुठं? लोक म्हणतात, "सर, तुमचा हेतू चांगला होता." अहो, हेतू चांगला होता हीच तर भानगड आहे. वाईट हेतूनं गुपित फोडणारे फार थोडे असतात. बहुतेक गुपितं काळजीपोटी फुटतात.

पहिली चूक म्हणजे आम्ही पोकळ वचन दिलं. 'कुणाला सांगतोय' हे आम्ही सवयीनं बोललो. त्याचा अर्थ काय, ते कुठपर्यंत पाळणार, कशानं मोडू शकतं, यातलं काहीच आमच्या मनात नव्हतं. विचार न करता दिलेलं वचन विचार न करताच मोडतं.

दुसरी चूक भूमिकांची. आम्ही तिचे शिक्षक होतो, तिचे पेपर तपासत होतो, तिच्या वडिलांचे ओळखीचे होतो, आणि त्यावर समुपदेशकही झालो. एका अंगावर चार टोप्या. पंगतीत वडिलांनी प्रश्न विचारला तो ओळखीच्या माणसाला. आम्ही उत्तर दिलं ते समुपदेशकाच्या खोलीतलं. दुहेरी नातं टाळावं असं या व्यवसायाच्या आचारसंहिता सांगतात, ते याचसाठी.

तिसरी चूक सगळ्यांत मोठी. तिचं हित कशात आहे हे आम्ही परस्पर ठरवलं. तिला विचारलं नाही. "तुझ्या वडिलांशी मी बोलू का? बोललो तर काय होईल असं तुला वाटतं?" एवढं विचारलं असतं, तर तिनं सांगितलं असतं की तिच्या घरात काय होईल. ते तिला माहीत होतं. आम्हाला नव्हतं.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. गोपनीयतेला एवढं महत्त्व का?

ही कल्पना पश्चिमेकडून आलेली नाही, किंवा नुसती तिकडूनच आलेली नाही. ग्रीक वैद्यांच्या हिपोक्रेटिसच्या शपथेत ती आहे. आपल्याकडे चरकसंहितेच्या विमानस्थानात, वैद्यकी शिकू पाहणाऱ्या शिष्याला गुरू जे नियम घालून देतो, त्यातही ती आहे. रुग्णाच्या घरात गेल्यावर तिथं जे दिसेल, तिथले जे व्यवहार कळतील, ते बाहेर बोलायचे नाहीत. म्हणजे दाराआडचं दारातच ठेवायचं, हे आपल्या वैद्याला फार पूर्वीपासून ठाऊक होतं.

पण समुपदेशकाची स्थिती वैद्यापेक्षाही नाजूक असते. डॉक्टरांवर तुमचा फारसा विश्वास नसला तरी ते तुमचा ताप मोजू शकतात, रक्त तपासू शकतात, एक्स-रे काढू शकतात. समुपदेशकापाशी असं काही नाही. समोरचा माणूस जे सांगेल, तेच त्याचं साहित्य. विश्वास गेला की माणूस सांगणं थांबवतो, किंवा खोटं सांगतो. मग समुपदेशक कितीही हुशार असो, त्याच्या हातात काही उरत नाही. म्हणून गोपनीयता ही समुपदेशनावरची सजावट नाही. विणकराच्या भाषेत सांगायचं तर तो ताणा आहे. बाणा कितीही रंगीत घ्या, ताणाच तुटला तर कापड होत नाही.

इथं तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी लगेच हात वर करतो: "सर, मग गुपित कधीच फोडायचं नाही का? काहीही झालं तरी?"

इमॅन्युएल कांट यांनी 1797 साली एक छोटा निबंध लिहिला. त्यातलं उदाहरण प्रसिद्ध आहे. तुमचा मित्र तुमच्या घरात लपलाय, त्याला मारायला आलेला माणूस दारात उभा राहून विचारतो, "तो आत आहे का?" कांट म्हणतात, तिथंही खोटं बोलणं नीतीला धरून नाही. आमच्या वर्गात यावर दरवर्षी भांडणं व्हायची, आणि दरवर्षी कांट हरायचे. नियम अपवादाशिवाय पाळायचा म्हटलं की कधीतरी कुणाचा तरी जीव धोक्यात येतो, हे पोरांना समजायचं.

समुपदेशनाच्या क्षेत्रात हाच प्रश्न अमेरिकेतल्या एका खटल्यानं ऐरणीवर आणला. कॅलिफोर्नियात, बर्कली इथल्या विद्यापीठात, 1969 साली एका विद्यार्थ्यानं आपल्या मानसशास्त्रज्ञाला सांगितलं की एका तरुणीला ठार मारण्याचा विचार मनात आहे. तो विद्यार्थी भारतातून तिकडे शिकायला गेलेला होता. मानसशास्त्रज्ञानं विद्यापीठाच्या पोलिसांना कळवलं. पोलिसांनी चौकशी करून त्याला सोडून दिलं. पण त्या मुलीला, तातियाना तारासॉफला, किंवा तिच्या घरच्यांना कुणीच सावध केलं नाही. पुढे तिचा खून झाला. 1976 साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की, आपल्याकडे येणाऱ्या माणसापासून दुसऱ्याच्या जिवाला गंभीर धोका असेल, तर त्या दुसऱ्याचं रक्षण करण्यासाठी वाजवी ती काळजी घेणं हे उपचार करणाऱ्याचं कर्तव्य आहे.

आता आपल्याकडे कायदा काय म्हणतो ते बघू. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 सालचा, तो मे 2018 पासून लागू झाला. त्याच्या कलम 23 नुसार मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला आपल्या आजाराबद्दलची, उपचारांबद्दलची माहिती गोपनीय राहण्याचा हक्क आहे. त्याच कलमात अपवादही आहेत. दुसऱ्याला इजा किंवा हिंसा होण्यापासून वाचवणं, जिवाला असलेला धोका टाळणं, अधिकार असलेल्या यंत्रणेचा आदेश, सार्वजनिक सुरक्षितता, असे ते अपवाद. आणि अशा वेळीही पोतं उलटं करायचं नसतं. धोका टाळायला जेवढं लागतं तेवढंच सांगायचं.

दुसरा कायदा पॉक्सो, 2012 चा. अठरा वर्षांखालच्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं ज्याला कळेल, त्यानं ते पोलिसांना कळवणं कलम 19 प्रमाणे बंधनकारक आहे. न कळवणं हा स्वतःच गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. इथं समुपदेशकाला 'मी वचन दिलं होतं' असं म्हणून सुटता येत नाही.

म्हणजे पेच असा झाला. गोपनीयता मोडली तर विश्वास जातो. ती काही केल्या मोडायचीच नाही म्हटलं तर जीव जाऊ शकतो. नियमाला चिकटून बसणारा कांट इथं पुरत नाही. आणि 'प्रत्येक वेळी हिताचा हिशेब मांडू' म्हणणाराही पुरत नाही. कारण त्या पंगतीत आम्ही हिताचा हिशेबच तर मांडला होता!

मग मार्ग कोणता? आम्हाला पटलेलं उत्तर फार साधं आहे, आणि आजच्या व्याख्यानातून एकच गोष्ट घरी न्यायची असेल तर हीच न्या. गोपनीयतेचं वचन पहिल्याच भेटीत, तिच्या मर्यादांसकट द्यायचं. वचन मोठं द्यायचं नाही. पाळता येईल एवढंच द्यायचं आणि मग ते पूर्ण पाळायचं. अपवाद आधीच सांगितलेले असतील, तर ते वापरावे लागणं हा विश्वासघात ठरत नाही. समोरचा माणूस चिडेल, दुखावेल, पण 'तुम्ही मला फसवलं' असं त्याला म्हणता येणार नाही. न सांगितलेला अपवाद मात्र नेहमी फसवणुकीसारखाच लागतो.

हे प्रत्यक्षात कसं बोलायचं? कायद्याच्या भाषेत नव्हे. साधारण असं:

"तुम्ही इथं जे बोलाल ते माझ्यापाशी राहील. घरी, कॉलेजात, कामाच्या ठिकाणी मी सांगणार नाही. पण काही गोष्टींना अपवाद आहे, त्या आत्ताच सांगते. तुमच्या जिवाला धोका आहे असं मला वाटलं, किंवा तुमच्याकडून दुसऱ्या कुणाच्या जिवाला. अठरा वर्षांखालच्या लेकरावर अत्याचार होतोय असं कळलं. किंवा न्यायालयाचा आदेश आला, तर मला सांगावं लागेल. तशी वेळ आली तर शक्यतो आधी तुम्हाला सांगेन, आणि गरजेपुरतंच सांगेन. अवघड प्रकरणात मी माझ्या वरिष्ठांचा सल्ला घेते, पण तुमचं नाव न सांगता. चालेल का? काही विचारायचंय?"

दोन मिनिटं लागतात. काही समुपदेशक म्हणतात, "असं सुरुवातीलाच सांगितलं तर माणूस घाबरेल, बोलणारच नाही." शक्य आहे. एखादा काही गोष्टी राखून ठेवेल. तो त्याचा हक्क आहे. काय सांगायचं, काय नाही, हे परिणाम माहीत असताना त्यानं ठरवायचं, यालाच तर आपण संमती म्हणतो. फॉर्मवर घाईघाईनं सही घेणं म्हणजे संमती नव्हे.

या तत्त्वाचं एक चांगलं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. 1984 च्या कायद्यानं कौटुंबिक न्यायालयं आली, आणि महाराष्ट्रातल्या या न्यायालयांत विवाह समुपदेशक असतात. त्यांच्यासाठी राज्याच्या नियमांत स्पष्ट लिहिलेलं आहे की नवरा-बायको त्यांच्यापुढं जे बोलतात, जी टिपणं होतात, ती गोपनीय. दोघांच्याही संमतीशिवाय समुपदेशकाला ते न्यायालयापुढं उघड करायला लावता येत नाही, आणि त्याला त्यावर साक्षीलाही बोलावत नाहीत. मात्र घरचं वातावरण, मुलाचं आईवडिलांशी असलेलं नातं, अशा ठरावीक बाबींवर तो न्यायालयाला अहवाल देऊ शकतो.

यातलं शहाणपण बघा. आपलं बोलणं उद्या पुरावा म्हणून पुढं येईल अशी भीती असेल, तर बाई वकिलानं शिकवलेलंच बोलेल, आणि बुवाही. 'मला त्यांच्याकडे परत जायचंय, पण भीती वाटते' हे वाक्य ती कधीच उच्चारणार नाही. न्यायालयाच्या आवारात, जिथं सगळं नोंदवलं जातं तिथं, कायद्यानंच एक न नोंदवण्याची खोली बांधली. आणि तिच्या सीमाही आखून दिल्या. वचन आणि मर्यादा दोन्ही लेखी.

आता आपल्या गावाबद्दल थोडं.

पुस्तकातली नीती मोठ्या शहरासाठी लिहिलेली असते. तिथं समुपदेशक आणि त्याच्याकडे येणारा माणूस पुन्हा भेटतच नाहीत. सोलापूर मोठं शहर आहे, पण माणसांच्या ओळखीच्या बाबतीत ते गावच आहे. नवी पेठेत भेटतात, लग्नात भेटतात, गड्ड्याच्या जत्रेत पाळण्याखाली भेटतात. तिथं काय करायचं? साधा रिवाज असा: समुपदेशकानं आपणहून ओळख दाखवायची नाही. समोरच्यानं दाखवली तर हसून नमस्कार करायचा, आणि 'आता बरं वाटतंय ना?' असं विचारायचं नाही. हेसुद्धा पहिल्या भेटीत सांगून ठेवावं, नाहीतर माणसाला वाटतं, बाईंनी ओळखच दिली नाही.

दुसरी गोष्ट भाषेची. आपल्या गावात मराठी आहे, तेलुगू आहे, कन्नड आहे, दखनी उर्दू आहे. पूर्व भागातल्या एखाद्या मावशी विडी वळता वळता मराठी छान बोलतील, पण रडताना माणूस आईच्या भाषेत रडतं. मग सोबत आलेली सून किंवा पुतणी दुभाष्याचं काम करते. आता विचार करा: मावशीचं दुःख सुनेबद्दलच असेल तर? घरच्या माणसाला दुभाषी केलं की गोपनीयता दारातच संपली. ती भाषा येणाऱ्या समुपदेशकाकडे पाठवणं, किंवा बाहेरचा, गोपनीयता पाळण्याचं मान्य केलेला दुभाषी घेणं, हा सोयीचा नाही तर नीतीचा प्रश्न आहे.

तिसरी गोष्ट भेटवस्तूंची. बरं वाटल्यावर माणूस कृतज्ञतेनं सोलापुरी चादर घेऊन येतो. घ्यायची का? नाही म्हटलं तर त्याचा अपमान. हो म्हटलं तर उद्या दुसऱ्याला वाटेल, इथं काहीतरी द्यावं लागतं. आमचं मत असं की शेंगाची चटणी सगळ्यांत वाटून खावी, आणि चादर हात जोडून परत करावी. पण का परत करतोय ते प्रेमानं समजावून सांगावं. नियम पाळताना माणूस दुखावायचा नसतो.

आता पाटीबद्दल. आज गल्लोगल्ली 'काउन्सेलर' अशा पाट्या दिसतात. मनोविकारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात, त्यांची वैद्यकीय परिषदेकडे नोंदणी असते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते, तिचा कायदा 1992 चा. नुसता 'समुपदेशक' मात्र बराच काळ कुठल्याच वहीत नव्हता. 2021 साली संबद्ध आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला, त्याच्या यादीत वर्तन-आरोग्य क्षेत्रातल्या व्यावसायिकांचा वर्ग आला. ही चांगली सुरुवात आहे. शिवाय 25 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या संदर्भात मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. त्यांत शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेनं किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा असं म्हटलं आहे. म्हणजे 'सरांचं बोलणं गोड आहे' एवढ्यावर आता भागायचं नाही. भागूही नये.

तोवर तुम्ही काय करायचं? समुपदेशकाकडे जाल तेव्हा चार प्रश्न विचारा. तुमचं शिक्षण आणि प्रशिक्षण काय झालंय? मी सांगितलेलं कुणाकुणाला कळू शकतं? माझी टिपणं कुठं ठेवता, कुलपाची किल्ली कुणाकडं असते? आणि माझा त्रास तुमच्या आवाक्याबाहेरचा निघाला तर कुणाकडं पाठवाल? चांगला समुपदेशक या प्रश्नांनी रागावत नाही. जो रागावला, त्याच्याकडून उठून यायला हरकत नाही.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*आमचा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. समुपदेशक त्याचं बोलणं आम्हाला सांगत नाहीत. आई-वडिलांना हक्क नाही का?*

हक्क आहे, आणि काळजीही आहे. पण थोडा विचार करा. सगळं तुम्हाला कळणार असं मुलाला वाटलं, तर तो तिथंही तेच बोलेल जे घरी बोलतो, म्हणजे काहीच नाही. चांगली पद्धत अशी: पहिल्या भेटीत आई-वडील आणि मुलगा तिघांसमोर ठरवायचं की दिशा सांगितली जाईल, तपशील नाही. जिवाचा धोका, अत्याचार, हे असेल तर नक्की सांगितलं जाईल. आणि तुम्हाला जे सांगायचं, ते आधी मुलाला सांगून, शक्य तर त्याच्याच तोंडून. तुम्ही 'काय म्हणाला?' विचारण्याऐवजी 'आम्ही काय बदलू?' असं विचारून बघा.

*कुणी जीव देण्याबद्दल बोललं तर सामान्य माणसानं काय करावं? विचारलं तर डोक्यात कल्पना घातल्यासारखं होत नाही का?*

नाही. शांतपणे, सरळ विचारावं. विचारल्यानं कल्पना शिरत नाही. उलट, कुणीतरी ऐकायला आहे हे कळतं. त्या माणसाला एकटं सोडू नये, आणि 'कुणाला सांगणार नाही' अशी शपथ घेऊ नये. विश्वासातल्या एखाद्या माणसाला सोबत घ्यावं, सरकारी रुग्णालयातल्या किंवा जवळच्या मनोविकारतज्ज्ञांकडे न्यावं. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास आहे, तिथं मराठीतही बोलता येतं. पोलिसांची भीती बाळगू नका. 2017 च्या कायद्याचं कलम 115 सांगतं की असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं धरलं जावं, आणि तिची काळजी घेणं हे सरकारचं कर्तव्य आहे.

*त्या मुलीची तुम्ही माफी मागितली का?*

हा प्रश्न येणार हे आम्हाला ठाऊक होतं. नाही मागितली. काही वर्षं धीर झाला नाही. धीर झाला तेव्हा वाटलं, आता तिच्या सासरच्या दारात जाऊन उभं राहणं म्हणजे तेच गुपित पुन्हा एकदा उघडणं. मन हलकं आमचं होईल, त्रास तिला होईल. म्हणून गेलो नाही. माफीसुद्धा कधीकधी माफी मागणाऱ्याच्या सोयीची असते. तेवढं तरी आम्ही या वेळी आधी तपासलं.

त्या लाकडी पार्टिशनच्या खोलीत आम्ही नंतर कधी समुपदेशक म्हणून बसलो नाही. पुढल्या वर्षी प्राचार्यांना सांगितलं की हे काम शिकलेल्या माणसाकडे द्या. विद्यार्थी आमच्याकडे यायचे, अजूनही येतात. आता कुणी "सर, एक सांगायचं होतं" म्हणालं, की आम्ही आधी थांबवतो. म्हणतो, "थांब बाळा. मी काय गुपित ठेवू शकतो आणि काय नाही, ते आधी ऐक. मग ठरव." काही जण उठून जातात. बरेच जण बसतात.